पहिली तार पट्टीवरून का घसरते

पिंप्राळा, जळगाव
सोमवार, ११ फेब्रुवारी १९९१

आदरणीय गिरधरनाना यांस,

कौतिकचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे, कारण पुढे कळेल.) धुरपदावहिनींनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? पिंपळनेरला थंडी फार, त्यात तुमची बँक वरच्या मजल्यावर, म्हणून सुनंदाला सारखी काळजी वाटते. तुमची बहीण मजेत आहे. लग्नसराईमुळे तिच्या शिलाई मशीनला उसंत नाही आणि माझ्या कचेरीत मला उसंतच उसंत. गिटारही खुशाल आहे. म्हणजे आज आहे.

नाना, बदली झाल्यावर तुम्ही ती इलेक्ट्रिक गिटार माझ्या हाती दिलीत. तुम्ही धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं वाजवलेली वस्तू! तिला मी जिवापाड जपत होतो. पण दिवाळीच्या आसपास तिचं ते हँडल (जे दाबलं की सूर डुलतो) मुळाशीच तुटलं आणि तुकडा आत अडकून बसला. मी पकडीने ओढला, तेल सोडलं, शेवटी हातोडीने हलकेच ठोकला. हलकेच म्हणजे माझ्या मते हलकेच. तारा ज्यावर टेकतात तो खालचा अख्खा लोखंडी ठोकळा, म्हणजे ब्रिज, त्यामुळे तडकला. मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्याकडून मी नवा ब्रिज मागवला. चकचकीत आला. फक्त त्याची भोकं आणि तुमच्या गिटारची भोकं यांची गाठ पडेना.

आता हे वाचताना जरा बसून घ्या. मी नवी भोकं पाडली. म्हणजे मी नाही, मगन मिस्तरीने पाडली. माणूस दारं-खिडक्यांत वस्ताद आहे. आमच्या कॉलनीतलं एकही दार घासत नाही ते त्याच्यामुळे. त्याने गिटार मांडीवर घेतली, चारही बाजूंनी फिरवली, काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, ह्या लाकूडले एक बी सरळ बाजू नही. गुण्या लावू कोठे?” मी त्याला म्हणालो, अंदाजाने लाव. नाना, तो शब्द माझ्या तोंडून गेला, मिस्तरीच्या नाही, हे मी कबूल करतो. (मध्येच उठून गिटार बघून आलो. तार जागेवर आहे.)

ब्रिज तुरीच्या डाळीएवढा बाजूला बसला. तुरीची डाळ म्हणजे काही फार नव्हे, पण सहाही तारा तेवढ्याच सरकल्या. वरच्या जाड तारेशेजारी एवढी मोकळी जागा की तिथे कुणी वाफा करावा, आणि खालची बारीक पहिली तार, बोटं जिथे दाबतात त्या लांब पट्टीच्या अगदी काठावर. बोटाने जरा जोर दिला की ती काठावरून खाली घसरायची आणि सुराऐवजी टक् असा आवाज यायचा. हे मला घरी कळलं होतं. तरी मी सावद्याला एका केळीवाल्यांच्या रिसेप्शनला तीच गिटार घेऊन गेलो, कारण आमचे ऑर्केस्ट्रावाले जीवरामभाऊ बयाणा घेऊन बसले होते. गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा एकट्या माझा. सगळे थांबलेले, दिवा माझ्यावर. तिसऱ्याच सुराला टक्. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा टक्. नवऱ्या मुलाचे मामा जेवता जेवता वळून बघायला लागले. जीवरामभाऊंनी माइकवर जाहीर केलं, “वायरिंगमध्ये थोडा बिघाड आहे, तोवर आपण जेवणाचा आस्वाद घ्यावा.”  परतल्यावर गाडीतून उतरताना म्हणाले, “कौतिक, चोवीस तारखेला धुळे आहे. तिथल्या लोकांनी गिरधरनानांना ऐकलेलं आहे.”

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. कचेरीत आवक-जावक लिहिताना मी रुळाने रजिस्टरच्या कडेपासूनचं अंतर मोजतो. जेवताना ताटाच्या मध्यावर भाकरी नसेल तर सरकवतो. मिस्तरीला पुन्हा बोलावलं. त्याने बांबूच्या बारीक खुंट्या तासल्या, सरस लावून भोकांत ठोकल्या, दोन दिवस वाळू दिल्या आणि नवी भोकं पाडली. (म्हणजे नानांच्या गिटारला भोकं दोनदा पाडली. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.) ह्या वेळी तूरडाळ गेली, पण जिऱ्याएवढा फरक उरलाच. तार घसरायची, फक्त आता विचार करून घसरायची. मिस्तरी म्हणाला, तिसऱ्यांदा पाडतो. मी त्याच्या हातातलं गिरमिट धरून ठेवलं. तो ओढतोय, मी धरतोय, आणि सुनंदा ब्लाउजला काज करत हे सगळं बघत बसलेली.

तिने उठून काळ्या दोऱ्याचं रीळ आणलं. दोऱ्याचं एक टोक मला गिटारच्या डोक्याशी धरायला लावलं, दुसरं मिस्तरीला ब्रिजशी, आणि असे दोन दोरे पट्टीच्या दोन्ही काठांवरून ताणले. मग एक डोळा मिटून, बाही बघतात तशी तिने गिटार बघितली. “मान वाकडी शे,” ती म्हणाली. मला वाटलं, मला म्हणतेय, म्हणून मी सरळ झालो. पण ती गिटारच्या मानेबद्दल बोलत होती. मागे चार स्क्रू आहेत, त्यांनी ती मान धडाला जोडलेली असते. ते थोडे सैल केले तर मान तिच्या खोबणीत केसभर हलते. तारा ढिल्या केल्या, स्क्रू सैल केले, मिस्तरीने धड धरलं, मी मान धरली, सुनंदा दोऱ्याकडे बघत “आखो, आखो, बस!” (अजून, अजून, बस!) म्हणाली, आणि स्क्रू आवळले. तारा चढवल्या. नाना, सहाच्या सहा तारा पट्टीवर, दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर! मिस्तरीने गिटारला नमस्कार केला आणि सुनंदाला विचारलं, “अक्का, खिडक्याना मापले येशात का?”

तर असा सगळा प्रकार आहे. तुमच्या गिटारला आता आवाज छान आहे, भोकं ब्रिजखाली झाकली गेली आहेत आणि तुम्ही रागावू नये ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
कौतिक

ता. क. : बोदवडचे झुलालभाऊ साक्रीला जाणार आहेत. त्यांच्याबरोबर केळीचे वेफर पाठवतो. डबा परत पाठवायची घाई नाही.

ता. क. २ : वर एक गोष्ट लिहायची राहिली. तारा सरळ झाल्यावर मी तो सुरुवातीचा तुकडा वाजवला. तिसऱ्या सुराला टक्. खाली बघितलं, तर तार आपल्या जागेवर होती. माझं बोट नव्हतं. तेव्हापासून चाळीस वेळा तरी वाजवून झालं. आता दोष द्यायला मिस्तरीही नाही. धुळ्याच्या लोकांसमोर मला उभं राहवणार नाही, नाना. गुडघा परवानगी देत असेल तर एक दिवस येऊन तो तुकडा मला हळूहळू दाखवाल का? रागवायचं असेल तर तेही त्याच दिवशी उरकून घ्या.

ता. क. ३ : पाकिटाला तिकीट लावल्यावर सुनंदा सांगते की तिने तुम्हाला गेल्याच आठवड्यात पत्र टाकलं आणि तुमचं उत्तरही आलंय. भोकांचं लिहिलंस का, विचारलं तर नुसती हसते. आज तिने ज्वारी-उडीद मिसळून गिरणीतून कळण्याचं पीठ दळून आणलं आणि शनिवारपर्यंत डब्याला हात लावू नका म्हणाली. कळण्याची भाकरी ह्या घरात तुमच्याशिवाय कुणालाच आवडत नाही. तेव्हा नाना, कृपा करून हे पत्र हातात पडेपर्यंत पिंपळनेरहून निघू नका, नाहीतर भोकांचं मला तोंडाने सांगावं लागेल.