सरव्याची भरपाई

हडपसर

तीर्थस्वरूप दादांस,

नमस्कार आज करवत नाही. जोंधळ्याच्या शेतात जंगल लावून तुम्ही खराडीच्या कंपनीकडून दरवर्षी कार्बन क्रेडिटचे पैसे घेता. आता त्या जंगलाच्या उद्घाटनाला माझं भाषण हवंय.

अहो, काढणीनंतर मागे पडलेली कणसं गावातली भूमिहीन विमलाबाई वेचून न्यायची. त्या सरव्यावर तिची चूल पेटायची. कंपनीने तुम्हाला पिकाची भरपाई दिली. तिला सरव्याची कोण देणार? हेच मी व्यासपीठावरून विचारणार होतो.

पण विमलाबाईच म्हणाली, "माझं नाव नगा घेऊ, भाऊ. दादा वाळकी लाकडं तरी नेऊ देत्यात. तीबी बंद व्हतील."

मी येणार नाही. का, ते तुम्हाला कळवायचीही सोय उरलेली नाही; हे पत्र माझ्याच खणात राहील.

तुमचा धाकटा भाऊ,
उत्तरेश्वर