हॉर्नची वायर

मामा, सासऱ्याला पत्र लिहिणारी सून आपल्या गावात तरी मी दुसरी पाहिली नाही. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, मीसुद्धा मास्तरकी करून निवृत्त झाले. पण आज नातवाच्या गाडीचा हॉर्न बंद पडला आणि तुमची ती म्हातारी व्हॅन डोळ्यांपुढे उभी राहिली. काय एकेक तऱ्हा होत्या तिच्या! हॉर्न दाबला की वायपर हलायचा, दिवे लावले की हॉर्न मुका. लोक हसायचे, तुम्ही मात्र बॉनेट उघडून शांतपणे वायरी चाचपत बसायचात. तुमचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

माझ्या अध्यापक विद्यालयाच्या मुलाखतीला आपण त्याच व्हॅनमधून नगरला निघालो. लग्न झालेल्या बाईला आता कसलं शिक्षण, असं घरात सगळ्यांचं मत; माझ्या बाजूचे एकटे तुम्ही. ही मुलाखत हुकली की विषय कायमचा मिटणार, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. आणि मेली व्हॅन नेमकी घोडेगावच्या बाजारात बंद पडली! त्या वर्षी चारा नव्हता, त्यामुळे बाजार म्हशींनी नुसता फुगलेला. मी मागे बसून रडकुंडीला आलेय आणि तुम्ही बॉनेटखालून म्हणताय, "आर्थ मिळंना." शाळेत मराठीत पहिली येणारी मी, मला वाटलं, बिघाडाचा अर्थ लागत नाहीये. तसं बोलले तर तुम्ही चक्क हसलात. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी तुटलेली दाखवलीत.

"करंट नुसता जाऊन भागत न्हाई पोरी, माघारी यायला वाट लागती."

मग तुम्ही हॉर्नची वायर उपटलीत आणि त्या पट्टीच्या जागी बांधलीत. एवढ्या बारीक वायरीवर सेल्फ फिरणार नाही, ढकलून चालू करायची आणि पुढे बंद पडू द्यायची नाही, असं सांगितलंत. म्हशींच्या व्यापाऱ्यांनी धोतरं खोचून धक्का दिला. तिथून नगरपर्यंत हॉर्न तुम्हीच! खिडकीतून अर्धे बाहेर वाकून तुम्ही बैलगाड्यांवर, सायकलींवर ओरडताय, "सरका, सूनबाई मास्तरीण व्हायला निघालीय!" घसा पार बसला तुमचा. मला लाजही वाटत होती आणि अभिमानही, अभिमान जास्त.

साधा उतार आला तरी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे तुम्ही, पण विद्यालयाच्या दारात गाडी चालूच ठेवलीत. बंद केली तर तिथं ढकलायला कोण होतं? आत माझी मुलाखत सुरू झाली तरी खिडकीतून ती घरघर ऐकू येत होती. साहेबांनी शिपायाला खिडकी लावायला सांगितली. मी म्हणाले, राहू द्या, आमचीच गाडी आहे.

बाहेर आल्यावर तुम्ही त्या बसक्या घशानं विचारलंत, काय काय इचारलं? मी तोंडाला येईल ते सांगितलं. हे पत्र काही टपालात पडायचं नाही, म्हणून आता खरं सांगते, मामा. मला एकही प्रश्न धड आठवत नव्हता. कान सगळा वेळ बाहेर होते. इंजिन चालू होतं, तोवर मी उत्तरं देत गेले.