प्रोसेसरचा वेग आणि बाबांचे पत्ते

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (तूर्त कागदावरच. टेबलाखाली शिरून शिरून कंबर धरली आहे. खरोखर वाकलो तर उठवायला तुलाच यावं लागेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचं घोरणं आटोक्यात आहे ना? इकडे सगळे खुशाल, म्हणजे निदान बाबा तरी.

पत्रास कारण असं, की मी घरी बसून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्मा बनवतो, ते तुला ठाऊकच आहे. एका बिल्डरला फिल्म तातडीने हवी होती आणि माझा कॉम्प्युटर एकेक चित्र इतक्या सावकाश काढत होता, की तेवढ्यात खरी इमारत उभी राहिली असती. म्हणून मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला. (तुला काय सांगायचं म्हणा, तू जन्मभर शाळेत पोरांना कॉम्प्युटरच शिकवलास.) कॉम्प्युटर सुरू होतानाच कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो, आकडे वाढवले, सेव्ह केले. पंखा असा गरजला की बायको बाहेर येऊन विचारते, "विमान कुठे उतरतंय?" मी खूश! पण सकाळी बघतो तर वेग पुन्हा जुनाच. परत वाढवला, परत सकाळी पालथ्या घड्यावर पाणी.

दुकानदार म्हणाला, आतला बटणाएवढा सेल संपला की मशीन सगळं विसरतं. सेल बदलला. (त्या भानगडीत एक स्क्रू फ्रिजखाली गेला, तो अजून तिथेच नांदतोय.) फरक शून्य. मग बायकोवर संशय घेतला, की भिंतीवरचं बटण हीच बंद करत असेल. ती म्हणाली, "काही बंद करायचंच असतं, तर आधी तुझं तोंड केलं असतं." संशय मिटला. घरात दोन दिवस अबोला.

शेवटी एका सकाळी पाणी प्यायला लवकर उठलो, तर कॉम्प्युटरसमोर बाबा! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर बायोस उघडलेलं, आणि बोट बरोबर त्या कळीवर, जिने सगळं मूळ पदावर येतं. आत्या, हेच ते बाबा, ज्यांना मेल कुठून पाठवायची हे मी दोन वर्षं घसा कोरडा करून सांगतोय.

"बाबा!"

"ओरडू नकोस, सेव्ह करतोय. तुझ्या पळापळीत माझे पत्ते अडकतात. काल डाव सुटत आला होता आणि पडदा गोठला."

"पण हे शिकवलं कोणी?"

"माझ्या बहिणीने. फोनवर. ती चिडत नाही."

हसावं की रडावं कळेना. तुझ्यावर रागावणार होतो. पण "ती चिडत नाही" हे जरा लागलं, म्हणून राग गिळला. चहा होईपर्यंत आमचा तह झाला: सकाळ त्यांची, जुन्या वेगाने; नंतरचा दिवस माझा. फिल्म वेळेवर गेली. बिल्डरला आवडली, फक्त दारातलं झाड काढा म्हणाला, फ्लॅट लहान दिसतो.

आतोबांना नमस्कार, तुझ्या मांजराला लांबूनच.

तुझा भाचा

ता. क. पत्र हाताने लिहिलंय ते प्रेमापोटी, असं समजू नकोस. परवा बाबांनी बायोसला पासवर्ड लावला, मशीन उघडतच नाही, आणि दुसरी फिल्म अडकलीय. विचारलं की "आठवतोय" म्हणतात. तू फोन करून काढून घे ना!

ता. क. दुसरा. छोटे, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पासवर्ड त्याला सांगू नकोस. परवापासून शेजारी बसतो, गोड बोलतो, स्वतःच्या हाताने चहा करून देतो. अजून चार दिवस जाऊ देत. – दादा