बझरची तार

आई, त्या दुपारी तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होतीस. मांडीवर सूप, सुपात गॅसबत्तीच्या मँटलचा ढीग. वरातीत डोक्यावरून नेतात त्या बत्त्यांत लावायच्या जाळीच्या छोट्या पिशव्या. उल्हासनगरच्या शेठाणीकडून वाळवलेला माल पोत्यातून यायचा. तू एकेक पिशवी झटकायचीस, तोंडाशी दोरा ओवून गाठ मारायचीस, घडी करून कागदी पुडीत सरकवायचीस. मी ओट्याशी उभी राहून इंग्रजी कविता पाठ करत होते. तुला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण मी अडखळले की तुझे हात थांबायचे. "पुढे?" एवढंच म्हणायचीस. मग पदराला हात पुसून तू कणीक भिजवायला घेतलीस. तुझ्या मनगटावरच्या लवेवर बसलेली पांढरी भुकटी मला आत्ता दिसते आहे, आणि पोत्यावर पालथी पडून झोपलेली धाकटीही. पोतं मऊ असायचं. तिची ती ठरलेली जागा.

बाबांच्या पगारात घर चालायचं, माझी कॉन्व्हेंटची फी मात्र त्या पोत्यातून निघायची. एकीचीच निघायची, म्हणून धाकटी नगरपालिकेच्या शाळेत गेली. यात लपवाछपवी काही नव्हती. शेजारच्या काकू तोंडावर विचारायच्या, "एकीला टाय आणि एकीला नुसती रिबन, हे गं कसं?" तू गाठ मारता मारता म्हणायचीस, "थोरली वर चढली की धाकटीला ओढून घेईल." मी चढले. शाळेत सायन्स शिकवलं, निवृत्त झाले, अंबरनाथ पश्चिमेला लिफ्टवाल्या इमारतीत राहते. धाकटी बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि तिथे लिफ्ट नाही.

किरणोत्सार मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवला, पण तो मोजणारं यंत्र कधी हातात घेतलं नव्हतं. रिकामपणात व्हिडिओ बघून ते घरी करायला बसले. खेळायच्या पत्त्याहून लहान एक बोर्ड असतो, आपण सांगू तसं तो मोजत बसतो. त्याला काचेची एक नळी जोडायची. बाहेरचा किरण नळीत शिरला की क्षणभर वीज वाहते, बोर्डाच्या छोट्या पडद्यावर आकडा वाढतो आणि बझर टिक करतो. सुटे भाग आणायला उल्हासनगरला गेले, तर दुकानदार माझी चिठ्ठी वाचून म्हणाला, "मासी, अंबरनाथवाले हो ना? घर पे ही ऑर्डनन्स फॅक्टरी खोल दी क्या?" मी म्हटलं, "हो, पहिला बार तुझ्याच दुकानावर." त्याने हसत एक जास्तीचा बझर पुडीत टाकला. सोल्डर करताना बोट भाजलं, तेव्हा तुझी आठवण आली. तव्यावरून बोटांनीच पोळी उलटायचीस ते. सगळं जोडून श्रीखंडाच्या डब्यात बसवलं. खूप वर्षांनी माझं मलाच कौतुक वाटलं. धाकटीला फोन करून फुशारकीसुद्धा मारली.

मग यंत्र नीट चालतं का हे कसं तपासायचं, त्याचा व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने खिशातून एक वस्तू काढून दाखवली. गॅसबत्तीचा जुना मँटल. म्हणाला, यात थोरियम असतं, किरणोत्सारी धातू, तपासायला यासारखं स्वस्त काही नाही. मी व्हिडिओ बंद केला. चहा ठेवला, आणि तो उतू गेला तरी बघत राहिले. मग तुझी ट्रंक उघडली. दोरा कापायच्या तुझ्या कात्रीशेजारी मँटलची एक पुडी राहिली आहे हे मला माहीत होतं, कागदावर तुझ्याच हाताची घडी.

रिकाम्या खोलीत यंत्र गळक्या नळासारखं वाजतं. एक टिक, थोड्या वेळाने दुसरी. पुडी नळीजवळ नेली आणि तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज झाला. हातभर दूर नेली की पुन्हा शांत. म्हणजे नुसतं जवळ असण्याने फार बिघडत नसावं. पण भुकटी श्वासातून आत गेली असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि ते या डब्याला सांगता येत नाही. तुझा खोकला आम्ही फोडणीचा ठसका समजत राहिलो. तो कशाचा होता हे मला आता कधीच कळणार नाही. माझं शिक्षण मला इथवर आणतं आणि सोडून देतं.

धाकटीला वर्षभर दम लागतो आहे. फुफ्फुसावर डाग आलेत. डॉक्टरांनी विचारलं, धुळीचं काम केलंय का कधी? ती म्हणाली, छे, मी घरातच. मग घरी जाताना रिक्षात तिला ते पोतं आठवलं, आणि तिथूनच तिने मला फोन केला. परवा ती माझ्याकडे आली, सोफ्यावर बसून आधी श्वास जमवला. "हेच का तुझं मशीन? मला वाटलं श्रीखंड ठेवलंयस."

"थट्टा पुरे. पाणी घे."

"ताई, आईच्या त्या मँटलांचं काही असेल का गं? बघ ना यावर. डॉक्टरांना सांगायला बरं."

मी पुडी आणली, नळीपाशी धरली. ती पडद्यावर वाकली. "हा आकडा चांगला की वाईट?"

"थोडाफार असतोच. हवेतसुद्धा असतो," मी वर्गात बोलतात त्या आवाजात म्हटलं.

"मग काही नाही म्हणायचं."

"काही नाही."

तिने लगेच विश्वास ठेवला. लहानपणापासून ठेवते, ताई इंग्रजीतून शिकली आहे म्हणून. जाताना उघड्या ट्रंकेतली तुझी कात्री बघून म्हणाली, "आईने तुझ्यासाठी किती गाठी मारल्या गं." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तिला तिथेच सगळं सांगितलं असतं. ती जिना उतरायला लागली, मीच हात धरून तिला लिफ्टपाशी नेलं. तेवढंच ओढून घेणं मला जमलं.

आई, हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धीर झाला. हा कागद मी तुझ्या ट्रंकेत ठेवणार आहे. वाटणी अशी. यंत्र धाकटीला, ते काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही हे तिच्या भाषेत समजावून. पुडी बंद डब्यात घालून तिच्यासोबत डॉक्टरांकडे, आणि ती कुठून आली हे सांगायला मी बरोबर. फी कशातून निघाली हेसुद्धा मीच सांगेन. कात्रीही तिलाच, ती मागणार नाही तरी. माझ्याकडे दुकानदाराने दिलेला तो जास्तीचा बझर राहू दे.

कारण परवा ती यायच्या आधी मी यंत्रातल्या बझरची तार काढून ठेवली होती. आकडा तिला समजला नसता. आवाज समजला असता.