भावी जावई पाण्याखाली आहेत

१४ फेब्रुवारी
पुन्हा पुढे ढकललं! लग्न नव्हे, पाणबुडीचं पाण्यात उतरणं. पण आमच्या घरात आता तो फरक उरलेला नाही. साक्षगंधाच्या दिवशी इंद्रकुमार म्हणाला होता, "बोट पाण्यात उतरली का लगेच लग्न." त्याला तीन उन्हाळे झाले. तो नौदलात, नवी अणुपाणबुडी बांधताहेत तिच्यावर. उशीर का, तर म्हणे लोखंडाच्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात, केसाएवढी भेग दिसली तरी कापून पुन्हा जोडतात. मी दवाखान्यात लॅबमध्ये. आमचं एक्स-रेचं मशीन दिवाळीपासून बंद, मोडक्या हातापायाची माणसं गोंदियाला पाठवतो. पाणबुडीच्या जन्माला आले असते तर बरं झालं असतं!

२ मार्च
बोट उतरली! फोनवर एवढंच म्हणाला. आता कुठे जाणार, किती दिवस — गोपनीय आहे. मी कुणालाच सांगणार नाही. फक्त आईला सांगितलं.

३ मार्च
बाबांनी नवेगावच्या चौकात फ्लेक्स लावला. "आमचे भावी जावई अणुपाणबुडीत!" पाणबुडीपेक्षा बाबांचा फोटो मोठा. खाली शुभेच्छुकांच्या रांगा — त्यात शेजारचा मोनूसुद्धा, जो बांधाच्या पाण्यात पाय घालायला घाबरतो. जवळ जाऊन पाहिलं तर पाणबुडीवर परदेशी झेंडा! बाबांना दाखवला. म्हणाले, "रंगीत हाये ना? मंग झालं." संध्याकाळी झेंड्यावर माझ्या धाकट्या भावाचा, विक्कीचा फोटो चिकटवून आले.

९ मार्च
गाव विचारून विचारून जीव खातंय. लालसिंगकाका लॅबमध्ये रक्त तपासायला आले. जन्मभर तलावात जाळं टाकणारा माणूस. बाही वर करून विचारतात, "जवाई किती दिवस पाण्याखाली रायते?"
"महिना, दोन महिने."
"मंग मासोऱ्या किती आनते?"
एकही नाही म्हटल्यावर जावई त्यांच्या मनातून साफ उतरला.
घरी आले तर सुशीलाआत्या बसलेली. "त्या डब्यात अणूची चूल हाये मने. वर्सानुवर्स इझत नाही. अन् आपल्या इकडे दिवे लावाच्या टायमाले लाइट जाते! त्याले मना, एक वायर इकडे टाक." खूप हसले. अंथरुणावर पडल्यावर मात्र त्याची फार आठवण आली.

२१ मार्च
त्याचा मेसेज — पाण्याखाली जातोय, फोन जमा करावा लागतो, दोन महिने बोलणं नाही.

६ एप्रिल
बाबांचं फर्मान! अक्षय तृतीयेपर्यंत इंद्रकुमारने लग्नाची तारीख द्यावी, नाही तर आमगावच्या राईस मिलवाल्या गुलाबचंदच्या मुलाला होकार. म्हणजे यांना फ्लेक्सवर पाणबुडीवाला पाहिजे आणि मांडवात मिलवाला.
"बाबा, तो पाण्याखाली आहे. विचारू कशी?"
"कोनी नाही मने का? वर येऊन सांग मनाव!"
मिलवाला वाईट नसेल. पण मला इंद्रकुमारच पाहिजे. वर ये रे बाबा, वर ये!

११ एप्रिल
मिलवाले पाहायला आले. चहात साखर टाकली नाही. तरी मुलगा "बहुत बढिया" म्हणाला. कठीण आहे.

१७ एप्रिल
सवयीने त्याचा नंबर लावला. बंद असणारच. तर रिंग गेली! त्याने उचललासुद्धा. मागे कुकरची शिट्टी.
"पाण्याखाली भात लावला का?" मी म्हटलं.
गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग हळूच बोलला. "बोट उतरली त्याच आठवड्यात कानाच्या तपासनीत नापास झालो, रेणू. दाब सोसत नाही मनते. आता किनाऱ्यावरच रायतो, स्टोअरमधी. तुले सांगनारच होतो. तेवढ्यात फ्लेक्सचा फोटो आला... मंग हिंमतच झाली नाही."
इतका राग आला की फोनवर त्याला शिव्या घातल्या. आणि शिव्या घालता घालता रडूच फुटलं. मेला जमिनीवर आहे! मी रोज झोपताना देवाला हेच तर मागत होते. फोन ठेवण्याआधी बाबांचं फर्मानही सांगून टाकलं.

१८ एप्रिल
उजाडताच शिडी घेऊन चौकात गेले आणि फ्लेक्स उतरवला. बाबा धावत आले. "काऊन काढला?"
म्हटलं, "गोपनीय आहे. जावई उद्या अक्षय तृतीयेला येतात, तारीख घेऊन."