कमानीपासून अकराशे चाळीस पावलं

४ मार्च १९४५, चुडावा
आलं — इटलीहून ह्यांचं पाकीट एक, आत चित्राचं कार्ड एक. डाकवाल्या मुंजाजीला खुशीचा एक आणा, निजामाच्या हाली नाण्यातला, वर गूळ-शेंगदाणे. सेन्सॉरनं शहराच्या नावावर काळी शाई फिरवलीय. नसेना का नाव!

कार्डावर दगडी कमान. रोमन बादशहांच्या वेळची. ह्यांनी लिहिलंय — 'तू सांगितलंस तशी पावलं मोजली. ह्या कमानीपासून शहराबाहेरच्या पडक्या नाटकगृहापर्यंत अकराशे चाळीस. वाट फरसबंदी, दगडात गाड्यांच्या चाकोऱ्या वीतभर खोल. छत्तीस पायऱ्या चढून पार वर बसलो.'

आपल्या अंगणात तुळशीपासून गोठ्यापर्यंत एकोणीस. साठ खेपा घातल्या की मीही नाटकगृहापाशी! जप करत घालते, म्हणजे सासूबाई बोलत नाहीत.

६ मार्च
वेशीबाहेर पाऊल टाकून दोन वर्षं झाली. हे फौजेत कारकून म्हणून निघाले तेव्हा सासूबाई देवीपुढं बोलल्या होत्या, "लेकरू हातीपायी धड माघारी येईस्तोवर सून येस वलांडनार न्हाई." नवस त्यांचा, पाळायचा मी. आई आजारी होती, तरी गेले नाही. स्टेशन वेशीपलीकडं. गाडीची शिट्टी तेवढी घरात येते.

देवीशी भांडण नाही. ह्यांना सांभाळतेय ना ती.

१९ मार्च
बाहेरची झाले. चार दिवस अंगणही नाही — कोपराच.

९ मे
तिकडची लढाई संपली! व्यंकटराव भावजी स्टेशनावरून खबर घेऊन आले. सासूबाईंनी साखर वाटली. माहेरी कोणतं लुगडं नेसून जायचं, ते मी ठरवूनही टाकलं.

२२ जुलै
पत्र आलं. 'काम फार आहे, आणखी दोन वर्षं राहीन म्हणतो.' खाली — 'परवा पुन्हा नाटकगृहापर्यंत गेलो. एकोणीसशे दहा पावलं. खालीच बसलो.'

मी वाचून दाखवलं. सासूबाई माझ्याकडंच बघत होत्या. "मॅट्रिक झालीस म्हनं. कागदावर नवरा बोलवाया न्हाई शिकवलं व्हय साळंत?"

दोन वर्षं. म्हणजे चार.

२३ जुलै
आकडा डोक्यातून जाईना. कमान तीच, नाटकगृह तेच. ह्यांची मोजणी चुकत नाही आणि खोटा आकडा ह्यांना लिहिता येत नाही.

अंगणात लहान पावलं टाकून पाहिली. जमेना. मग डावा पाय ओढत चालले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत बत्तीस. साठ खेपांचे एकोणीसशे वीस.

सासूबाईंनी जात्यावरून विचारलं, काटा मोडला का म्हणून. हो म्हणाले.

२४ जुलै
जेवण गेलं नाही. हे कामासाठी थांबलेले नाहीत. 'हातीपायी धड' — ते शब्द बोलले गेले तेव्हा हे तिथंच हात जोडून उभे होते. असा पाय ओढत परत आले तर नवस फिटायचाच नाही आणि मी जन्मभर वेशीच्या आत. न आले तरी आतच, पण निदान आशेवर. एवढाच त्यांचा हिशेब! परक्या मुलखात, त्या पडक्या दगडांत एकटेच बसून केलेला.

सासूबाईंना सांगितलं तर? नवस म्हणजे नवस, असंच म्हणतील. त्या दुष्ट नाहीत. लेकरापायी बोलून गेल्या.

संध्याकाळी दिवा लावताना देवीला म्हटलं — जीव राखलास, माझं मागणं पुरं झालं. राहिलेलं मी बघते.

२७ जुलै
सकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. दळता दळता त्यांचा हात थांबला. मग पदर खोचून माझ्याबरोबर वेशीपर्यंत आल्या. "जा. पाप लागलं तर मला लागंल. मीच बोलले हुते."

चुडावा स्टेशनच्या बाकावर बसून लिहितेय. पाकिटात एवढंच घातलंय — पाय कुठवर गेला ते लिहा. कोणत्या बंदरात उतरणार तेही लिहा, मी घ्यायला येते. उलट टपाली कळवा.