सरपणाची थप्पी

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं. साडेतीन पानं साप आणि उरलेल्या अर्ध्या पानात माझं वय. रोपांच्या शेडमध्ये नाग निघाल्याचं शेजारच्या टेम्पोवाल्याने तुला फोनवर सांगितलं, हे कळलं. त्याला मी समज दिली आहे. काळजीने केला म्हणतो. मी म्हटलं, काळजी असेल तर माझं फाटक दुरुस्त करून दे, ते दोन महिने लोंबतंय.

नाग निघाला हे खरं. हौदापाशी बेडूक असतात, बेडकांमागे तो आला. मी चार पावलं मागे सरले, उभी राहिले, तो गेला. संपलं. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, बारा वर्षं ही रोपवाटिका चालवते आहे. सापाशी कसं राहायचं हे मला नव्याने शिकायचं नाही. जमिनीचा हादरा त्याला कळतो, म्हणून मी काठी आपटत चालते. बूट झटकल्याशिवाय पाय घालत नाही. अंधार पडला की बॅटरीशिवाय उंबरा ओलांडत नाही. बियाणं पत्र्याच्या डब्यात, म्हणजे उंदीर नाहीत. सरपण भिंतीपासून लांब, लोखंडी घोडीवर, जमिनीपासून हातभर वर. आणि दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. तो त्याची कामं करतो, मी माझी. आमचं जमतं. तुझं आणि तुझ्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं जमत नाही, ते आधी बघ.

घर विकून तुझ्याकडे येण्याचा विषय तू तिसऱ्यांदा काढलास. चौथ्यांदा निघू नये म्हणून लिहून देते. ज्या दिवशी मला साप चावेल, त्यानंतर मी स्वतः बॅग भरून तुझ्या दारात येईन आणि घराच्या किल्ल्या तुझ्या हातात देईन. मग विक, भाड्याने दे, काय वाटेल ते कर. तोवर हा विषय बंद. हे पत्र जपून ठेव. मी शब्द फिरवत नाही, हे तुला सांगायला नको.

उत्तर कागदावरच दे. फोनवर तू ओरडतोस.

माया आहेच, ती काळजीखाली दडपू नये, ही विनंती.
तुझी ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कपाटात, कुलपात ठेवलं आहे. हिने वाचलं आणि विचारलं, वन्संनी हे रागात लिहिलंय का. मी म्हटलं, नाही, हा तिचा नेहमीचा आवाज आहे.

तू नाग बघून चार पावलं मागे सरतेस. मी पाल बघून खुर्चीवर चढतो. एकाच आईची लेकरं, पण शिकायला तू कॉलेजात गेलीस आणि मी बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात. मला कागद, खळ आणि दाभण कळतं. आता दुकानही बंद केलं. दिवसभर हातांना काम नाही, ही म्हणते घरातली वर्तमानपत्रं मी दिवसातून तीनदा सारखी करतो.

म्हणून आठ दिवस तुझ्याकडे येतो. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेतले आहेत. हसू नकोस. काही काम काढून ठेव. तू मला अजून सातवीतला समजतेस हे माहीत आहे, पण फाटक दुरुस्त करण्याइतकी अक्कल आली आहे.

तुझा शब्द मात्र मी विसरणार नाही. साप चावू नये आणि तू यावंस, असं काही जमतं का बघ.

तुझ्या पायांशी वाकलेला (आधी जमीन नीट बघून),
धाकटा

*

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू गेलास आणि घरातला आवाज गेला. ते बूट घालून तू जेवायला बसायचास तेव्हा मी कपाळावर हात मारायचे, आता मोरीपाशी त्यांची जागा रिकामी दिसते. आठ दिवसांत एक साप दिसला नाही म्हणून तू जरा हिरमुसला होतास, हे मी ओळखलं. त्यांनाही पाहुण्यांची लाज वाटत असेल.

फाटक उत्तम झालं. टेम्पोवाला येता जाता उगाच उघडून बंद करून बघतो.

सरपणाचं म्हणशील, तर त्या दिवशी मी बाजारातून परत आले तेव्हा तू शेवटची रांग लावत होतास. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी कमरेइतकी थप्पी, टोकं सगळी एका रेषेत. ताई, आता तुला अंगण ओलांडून जायला नको, असं तू म्हणालास. मला तेव्हा काही बोलायचं होतं, ते राहिलं. पुढच्या वेळी बोलू. थप्पी सुबक आहे.

टोमॅटोची रोपं संपली. मिरचीची अजून महिनाभराने निघतील.

प्रेम पोचलं, ते परत करते आहे, पोच द्यावी.
तुझी ताई

*

२८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र रुग्णालयातून लिहिते आहे. मी जिवंत आहे, धोका टळला आहे, हे वाचून मग खाली बस.

चार दिवसांपूर्वी संध्याकाळी, उजेड असताना, घोणस चावली. डाव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी. मागच्या दारी होते, एवढं पुरे.

घड्याळ काढलं, हात हलू दिला नाही, हाक मारली. टेम्पोवाला एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात ब्लेड घेऊन धावत आला. दोरीने टेम्पोचं दार बांध आणि ब्लेडने दाढी कर, माझ्या हाताला काही बांधायचं नाही, कापायचं नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याच्या सासूने कुणा झाडपाला देणाऱ्याचं नाव काढलं. तिलाही सांगितलं, की त्याच्याकडे खोकल्याला जा. पाऊण तासात रुग्णालयात होते. तिथल्या डॉक्टरणीने काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि वीस मिनिटं तसंच ठेवलं. गोठलं नाही. मग विषावरचं औषध सुरू केलं. हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा सुजला. दोन दिवस सगळ्यांचं लक्ष माझ्या मूत्रपिंडांकडे होतं. इतकं लक्ष माझ्याकडे आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

तुला फोन करायला मीच मनाई केली. तू येऊन रडला असतास आणि नर्सला दोन पेशंट झाले असते.

आता शब्दाचं. सोमवारी सोडतील. मंगळवारी बॅग आणि किल्ल्या घेऊन तुझ्या दारात उभी असेन. कीव करायची नाही. दारात रडायचं नाही. चहा ठेवायचा.

हात एकच चालतो, पण आशीर्वाद पूर्ण आहे.
तुझी ताई

*

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरी बसून तुला माझ्या घरी पत्र लिहायचं, हा प्रकार नवा आहे. तू सामान बांधायला गेलास त्याला आज पाच दिवस झाले. किती खोकी भरलीस ते लिहीत नाहीस. मिरचीच्या रोपांना पाणी सकाळी, पानांवर नाही, मुळाशी. सगळी रोपं टेम्पोवाल्याच्या बायकोला दे. शेड उतरवायची तर माणसं लाव, तू चढू नकोस. पुस्तकं तू बांधलेली आहेत, ती नीट आण. बाकी काय येईल ते येवो.

तुझी बायको माझ्या मागेमागे उशी घेऊन फिरते. माणूस चांगलं, पण मला उशी नको, काम हवं. तुमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत आणि दोन्ही प्लॅस्टिकच्या फुलांच्या. मी त्यांची धूळ पुसते. मी कुठे येऊन पडले आहे ते यावरून ओळख.

सवयीने मी घरातही काठी आपटत चालते. काल खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले आणि म्हणाले, बाई, तुम्ही नक्की करता काय. साप हाकलते म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर कुठले साप, म्हणाले. बघा, एकही आहे का, असं मी विचारलं. परत आले नाहीत. म्हणजे तुझं त्यांच्याशी जे दहा वर्षांत जमलं नाही ते मी एका संध्याकाळी मिटवलं.

मी हरून आलेली नाही, हे मात्र तुम्हा दोघांनी समजून असावं. बोलले होते म्हणून आले.

मागच्या अंगणात काही आवरू नकोस. सरपण आहे तसं राहू दे, हात लावायचा नाही. घर घेणारा बघून घेईल.

आज्ञा समज, लोभ समज, पण ऐक.
ताई

*

१५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हात लावू नकोस लिहिलंस म्हणून मी लावायला गेलो. मला वाटलं, तुला माझे कष्ट वाचवायचे आहेत. वरचा ओंडका उचलला, दुसऱ्याखाली हात घालणार, इतक्यात टेम्पोवाला कुंपणापलीकडून किंचाळला. तिथे हात घालू नका, ताईंना तिथेच चावला, असं. म्हणून झाल्यावर त्याने स्वतःचं तोंड दाबलं. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. मी त्याला कुंपण ओलांडून आत घेतलं, बसवलं, सगळं काढून घेतलं. घोणस दुसऱ्या दिवशी सर्पमित्राने येऊन नेली, हेही.

मग लांब बांबूने थप्पी सोडवली. खाली उंदराची तीन बिळं. मधल्या फटीत कात, अख्खी, माझ्या मनगटाएवढ्या जाडीची.

ताई, ती थप्पी मी रचली. तुझ्या भिंतीशी, जमिनीवर, फट राहू नये अशी. तुझं ४ फेब्रुवारीचं पत्र मी येताना बरोबर आणलं होतं, घराच्या कागदांत ठेवायला. काल परत वाचलं. सरपण भिंतीपासून लांब, हातभर वर, असं तू स्वच्छ लिहिलं आहेस. मी ते पत्र कुलपात ठेवलं आणि त्यातला घर देण्याचा परिच्छेद तेवढा पाठ केला.

आणि तू गप्प राहिलीस. मला कळू नये म्हणून घर द्यायला निघालीस. मी किल्ल्या घेतल्या, वर तुला म्हणालो, बघ, मी सांगत नव्हतो? ते वाक्य आता परत घेता येत नाही.

एकही खोकं भरलेलं नाही. पहिल्या दिवशी एक भरलं, रात्री रिकामं केलं. सकाळी काठी आपटत रोपांना पाणी घालतो. परवा हौदापाशी नाग होता. खुर्ची जवळ नव्हती, म्हणून चार पावलं मागे सरून उभा राहिलो. तो पाणी प्यायला, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि गेला. मग मी उरलेल्या रोपांना पाणी घातलं.

तुझं पत्र सोबत परत पाठवतो. फाडून टाक. किल्ल्याही आहेत.

क्षमा मागायला शब्द नाही, म्हणून नमस्कार दोनदा.
धाकटा

*

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नमस्कार एकच पुरे. टेम्पोवाल्याला सांग, मी येते आहे आणि त्याच्याशी मला बोलायचं आहे.

चूक कुणाची, हे एकदाच लिहिते, मग पुन्हा नाही. तुला माहीत नव्हतं, मला होतं. ती थप्पी बघताक्षणी हलवायला हवी होती. दुसऱ्या कुणी रचली असती तर त्याच्याकडूनच तासाभरात हलवून घेतली असती. पण तू शेवटच्या रांगेवर तळहात मारून टोकं सारखी करत होतास. बाबा कागदाच्या थप्पीवर मारायचे तसाच. मी फाटकातून बघितलं आणि मला तुला ओरडता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाही, तर हे असं झालं. यापुढे ओरडत जाईन, तयारी ठेव. आणि त्या संध्याकाळी दिसत नव्हतं तिथे हात मीच घातला. सापाचा यात काही दोष नाही. त्याला चांगलं बांधलेलं घर मिळालं होतं.

पत्र फाडलेलं नाही. शब्द परत घेणं देणं मला जमत नाही. बॅग भरून येईन म्हटलं होतं, आले. किल्ल्या देईन म्हटलं होतं, दिल्या. घराचं काय वाटेल ते कर म्हटलं होतं, तर तू त्या मला परत पाठवल्यास. घर तुझं होतं, तू ते मला दिलंस, मी घेतलं. पुढे कुणी विचारलं तर सांगता येईल, भावाने दिलं आहे, सोडणार नाही. साप काय, भाऊही मला तिथून हलवू शकत नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. तुझी बायकोही येते म्हणते, उशी घेऊन. येऊ दे. तिला बुटांचा जोड लागेल, माप पाठीमागे लिहिलं आहे.

सरपण मी येईपर्यंत सुटंच राहू दे. लोखंडी घोडी शेडमागे आहे, ती अंगणाच्या पलीकडे नेऊन ठेव. गुरुवारी माझ्या एका हाताने आणि तुझ्या दोन हातांनी रचू. भिंतीपासून लांब, हातभर वर, लाकडालाकडात वारा खेळेल एवढी मोकळी.

टोकं मात्र एका रेषेत लाव. त्याने बिघडत नाही.

बूट झटकून घालत जा, आणि माझ्यावर लोभ आहे तसाच ठेव.
तुझी ताई